एक्स-प्लेनमध्ये सीनरीचा क्रम कसा लावायचा: विदर्भाच्या टाइल्ससह सविस्तर

एक्स-प्लेन या संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये नागपूरचा नवा विमानतळ टाकला, तरी जुनाच दिसतो. ऑर्थो (उपग्रहाच्या फोटोंची जमीन) टाकलं, तर धावपट्टी शाबूत आणि टर्मिनल गायब. नाहीतर दोन-दोन टर्मिनलं एकमेकांत घुसलेली. या तक्रारींवर बहुतेक पोरं एकच इलाज करतात: सगळं उडवायचं आणि पुन्हा डाउनलोड करायचं. घरी फायबर असलेल्याला ते परवडत असेल. इकडे खेड्यात दिवसाला दीड-दोन जीबीचा मोबाइल डेटा, त्यात रेंज मिळाली तर मिळाली, आणि डाउनलोड संपत आलं की नेमकी लाइन (वीज) जाते. अशा ठिकाणी एकदा आणलेली सीनरी (सिम्युलेटरमध्ये दिसणारे विमानतळ, जमीन, इमारती) उडवणं म्हणजे हातचं घालवणं. त्यातून सीनरीत बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं. ती चुकीच्या क्रमाने लागलेली असते, आणि तो क्रम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. ती फाइल वाचता आली की यातलं बरंचसं दुखणं नेट न लावता बरं होतं.

लेख एक्स-प्लेन 12 धरून लिहिलाय. 11 मध्ये जिथे वेगळं आहे तिथे सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची व्यवस्था निराळी आहे, ती इथे लागू होत नाही. आणखी एक: फाइलची आणि फोल्डरची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात. इथे ती देवनागरीत देतोय. काम करताना स्वतः टाइप करू नका, फाइलमधली तयार ओळ कट करून हवी तिथे पेस्ट करा. एक अंडरस्कोर इकडचा तिकडे झाला तरी ती ओळ कामातून जाते.

आधी फोल्डर ओळखा

एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये 'कस्टम सीनरी' नावाचा फोल्डर असतो. बाहेरून आणलेली प्रत्येक सीनरी त्यात आपापल्या फोल्डरमध्ये राहते. शेजारीच 'ग्लोबल सीनरी' असतो. तो एक्स-प्लेनचा स्वतःचा, त्याला हात लावायचा नाही.

फोल्डरच्या नावावरून आत काय आहे ते कळेलच असं नाही, म्हणून उघडून बघा. आत 'लायब्ररी.टीएक्सटी' असेल तर ती लायब्ररी. म्हणजे झाडं, गाड्या, खांब, शेड अशा वस्तूंचा साठा, जो दुसऱ्या सीनरी वापरतात. 'अर्थ नॅव्ह डेटा' फोल्डर असेल आणि त्यात 'एपीटी.डॅट' असेल, तर तो विमानतळ. 'अर्थ नॅव्ह डेटा'सोबत 'टेरेन' आणि 'टेक्स्चर्स' असतील आणि टेक्स्चर्समध्ये डीडीएस या चित्रांच्या फाइल्सचा ढीग असेल, तर ते ऑर्थो, म्हणजे उपग्रहाच्या फोटोंनी रंगवलेली जमीन. उरतात ते ओव्हरले (जमिनीवर ठेवायच्या वस्तू, रस्ते, जंगल) आणि मेश (जमिनीचे चढउतार). हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हीत डीएसएफ फाइल्सच असतात. तिथे सोबतचं रीडमी वाचण्याला पर्याय नाही.

अनझिप करताना एक गोष्ट हमखास होते. नागपूर नावाच्या फोल्डरमध्ये पुन्हा नागपूर नावाचा फोल्डर तयार होतो आणि 'अर्थ नॅव्ह डेटा' एक पायरी आत जाऊन बसतो. एक्स-प्लेन एकच पायरी आत बघतं. कस्टम सीनरी, त्यात पॅकेजचा फोल्डर, त्यात लगेच 'अर्थ नॅव्ह डेटा' दिसला पाहिजे. एखादी सीनरी अजिबातच दिसत नसेल, तर क्रमाकडे वळण्याआधी हे बघून घ्या.

टाइलचा हिशोब

एक्स-प्लेन पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्याची एक डीएसएफ फाइल असते आणि तिला तुकड्याच्या नैऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश नाव म्हणून दिलेले असतात. नागपूरचा विमानतळ साधारण 21.09 उत्तर, 79.05 पूर्व, म्हणून त्याची फाइल +21+079. ती +20+070 या दहा-दहा अंशांच्या फोल्डरमध्ये सापडते.

आपल्या भागाचा हिशोब असा. नागपूर आणि भंडारा +21+079. अमरावती शहर, बेलोऱ्याचा विमानतळ आणि अकोला +20+077. अचलपूर-परतवाडा, चिखलदरा +21+077. वर्धा आणि यवतमाळ +20+078. बुलढाणा +20+076. गोंदियाचा बिरसी विमानतळ +21+080. चंद्रपूर शहर +19+079, पण ताडोबा +20+079.

सीमेवरची ठिकाणं फसवतात. लोणारचं सरोवर घ्या. नकाशावर पाहून वाटतं की 20 अंशाचंच आहे. प्रत्यक्षात विवराचा मध्य 19.98 च्या आसपास आहे, म्हणजे 20 अंशाच्या रेषेपासून अडीचएक किलोमीटर दक्षिणेला. त्यामुळे लोणार +19+076 मध्ये पडतं. +20+076 ची टाइल कितीही झकास बनवली तरी विवरावर जाईपर्यंत फोटो संपलेला असतो आणि खाली एक्स-प्लेनची साधी जमीन सुरू झालेली असते. टाइल बनवायला घेण्याआधी ठिकाणाचे अक्षांश दशांशात बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळं ज्यावर चालतं तो नियम

एक्स-प्लेन यादी वरून खाली वाचतं. प्रत्येक टाइलसाठी ते वरच्या पॅकेजपासून सुरुवात करतं. ओव्हरले मिळाला तर घेतं आणि पुढे जातं, आणखी एक मिळाला तर तोही घेतं. पण ज्या क्षणी त्या टाइलची मेश मिळते, त्या क्षणी थांबतं. त्या टाइलपुरतं यादीत त्याच्या खाली जे काही आहे ते वाचलंच जात नाही. मेश म्हणजे कापसाच्या गंजीवर टाकलेली ताडपत्री: वर जे ठेवलं ते दिसेल, खाली गेलेलं दिसणार नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कोणत्याही टाइलवर एकच मेश चालते, सगळ्यात वरची. ऑर्थोची टाइल हीसुद्धा मेशच असते, हे लक्षात असू द्या. दोन, मेश आणि ऑर्थो यादीच्या तळाशीच हवेत, नाहीतर विमानतळ त्यांच्याखाली दडपले जातात.

आता ते 'धावपट्टी आहे, टर्मिनल नाही' प्रकरण. धावपट्टी, टॅक्सीवे आणि पार्किंगच्या जागा एपीटी.डॅट मध्ये असतात आणि ती फाइल एक्स-प्लेन सगळ्या पॅकेजमधून वेगळी वाचतं. तिला मेशचा अडसर नाही. टर्मिनल, हँगर, कुंपण, झाडं हे मात्र डीएसएफमध्ये असतं. म्हणून ऑर्थो विमानतळाच्या वर गेलं की धावपट्टी उरते आणि इमारती जातात. "काहून बावा, टर्मिनल कुठं गेलं?" असं कोणी विचारलं की डोळे झाकून सांगायचं: त्याचं ऑर्थो वर चढलंय.

फाइल उघडू या

कस्टम सीनरीच्या आतच 'सीनरी_पॅक्स.आयएनआय' ही फाइल असते. एक्स-प्लेन एकदा तरी चालू करून बंद केलेलं असेल तर ती तयार झालेली असेल. सिम्युलेटर पूर्ण बंद असतानाच ती उघडा. नोटपॅड चालेल, नोटपॅड++ असेल तर उत्तम, कारण त्यात ओळ सिलेक्ट न करता कंट्रोल, शिफ्ट आणि वर-खाली बाण वापरून ओळ सरकवता येते. वर्डमध्ये उघडू नका.

सगळ्यात आधी तिची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. ही सवय का लावायची ते पुढे येईलच.

वर तीन छोट्या ओळी असतात: एक अक्षर, आवृत्तीचा आकडा आणि सीनरी हा शब्द. त्यांना हात लावू नका. त्यांच्या खाली दर पॅकेजला एक ओळ, 'सीनरी_पॅक' या शब्दाने सुरू होणारी. एखादं पॅकेज काही दिवस बंद ठेवायचं असेल तर ओळ पुसायची नाही, 'सीनरी_पॅक'च्या जागी 'सीनरी_पॅक_डिसेबल्ड' करायचं. पुसलेली ओळ पुढच्या वेळी एक्स-प्लेन परत घालतंच, आणि तीही यादीच्या डोक्यावर. ते नव्या पॅकेजला नेहमी सगळ्यात वर जागा देतं. ऑर्थोची टाइल टाकल्याबरोबर विमानतळ बिघडतो तो यामुळेच.

विदर्भात उडणाऱ्याची यादी साधारण अशी दिसायला हवी (व्हीएएनपी आणि व्हीएएएम हे विमानतळांचे संकेत):

सीनरी_पॅक कस्टम सीनरी/व्हीएएनपी_नागपूर/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/व्हीएएएम_अमरावती/
सीनरी_पॅक *ग्लोबल_एअरपोर्ट्स*
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/सिमहेवन_एक्स-वर्ल्ड_एशिया-1/
(त्याचेच पुढचे भाग, क्रमांकानुसार)
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/ओपनसीनरीएक्स/
(इतर लायब्ररी)
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/वायऑर्थो4एक्सपी_ओव्हरलेज/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/झेडऑर्थो4एक्सपी_+20+077/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/झेडऑर्थो4एक्सपी_+21+079/

तारांकित ग्लोबल एअरपोर्ट्सची ओळ 12 मधली. 11 मध्ये तो कस्टम सीनरीतला एक साधा फोल्डर असतो आणि त्याची ओळ इतरांसारखीच दिसते, पण जागा तीच. त्यात एक्स-प्लेनसोबत येणारे, हौशी लोकांनी बनवून गेटवे या एक्स-प्लेनच्या साइटवर दिलेले विमानतळ असतात. तुम्ही आणलेला विमानतळ या ओळीच्या वरच हवा. खाली गेला तर आधीचाच विमानतळ वरचढ ठरतो आणि दोघांच्या इमारती मिसळतात.

सिमहेवनसारखे घरं-झाडं-रस्ते भरणारे संच ग्लोबल एअरपोर्ट्सच्या खाली ठेवायचे, नाहीतर त्यांची घरं विमानतळाच्या हद्दीत उगवतात. त्यांचे भाग क्रमांक देऊन येतात, तो क्रम बदलू नका. लायब्ररीला तशी जागेची अट नाही, ती कुठेही असली तरी वाचली जाते. मी सगळ्या एका जागी ठेवतो, शोधायला बरं पडतं म्हणून. ओव्हरलेच्या नावाला वाय आणि ऑर्थोच्या नावाला झेड आधीच लावलेलं असतं. कारण आयएनआय फाइल मुद्दाम उडवली तर एक्स-प्लेन नवी यादी वर्णानुक्रमाने बनवतं, आणि झेडवाले आपोआप तळाशी जातात. यादीचा पार विचका झाला असेल तर हा शेवटचा मार्ग: फाइल उडवा, एक्स-प्लेन एकदा उघडून बंद करा, आणि नव्या यादीत फक्त विमानतळ आणि ग्लोबल एअरपोर्ट्स यांच्या जागा दुरुस्त करा. बंद ठेवलेली पॅकेजही यात पुन्हा चालू होतात, तेवढं बघा.

यादी आपोआप लावून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात. शेकडो पॅकेज असलेल्याला ती कामाची आहेत. वीस-पंचवीस पॅकेजसाठी मला ती नको वाटतात. ती नाव आणि आतल्या फाइल्स बघून अंदाज बांधतात, आणि अंदाज चुकला की कुठे चुकला ते तुम्हालाच शोधावं लागतं.

नवी सीनरी टाकण्याची पद्धत

एका वेळी एकच. पाच झिप एकदम सोडल्या आणि काही बिघडलं, तर पाचांपैकी कोणती हे शोधण्यात रविवार जातो.

झिप आधी तपासा. लाइन गेल्यामुळे तुटलेलं डाउनलोड कधीकधी पूर्ण झाल्यासारखं दिसतं. 7-झिपमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'टेस्ट' निवडलं की आतली प्रत्येक फाइल धड आहे का ते ते सांगतं. ही चाचणी न करता अर्धवट डीएसएफ आत गेली, तर त्या टाइलवर पोहोचताच सिम्युलेटर बंद पडतो, आणि माणूस ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतो. कोणाकडून पेनड्राइव्हवर आणत असाल तर तो एफएटी32 नसावा. त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एकेक फाइल बसत नाही. आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

मग फोल्डर कस्टम सीनरीत ठेवा, एक्स-प्लेन उघडा, मुख्य मेनू दिसला की बंद करा. आता आयएनआय उघडली की नवी ओळ सगळ्यात वर दिसेल. विमानतळ असेल तर राहू द्या, दुसरं काही असेल तर कट करून त्याच्या गटात न्या. सेव्ह करताना नोटपॅडने शेपटाला गुपचूप टीएक्सटी जोडलं नाही ना, ते बघा. त्यासाठी विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू ठेवा. पुन्हा एक्स-प्लेन उघडून त्या विमानतळावर जा.

'या सीनरी पॅकेजमध्ये अडचण आहे, लॉग बघा' अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली तर बावरू नका. एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लॉग.टीएक्सटी' आहे. दर वेळी सुरू करताना ती नव्याने लिहिली जाते. ती उघडा आणि फेल्ड हा शब्द रोमनमध्ये शोधा. बहुधा अशी ओळ सापडेल की अमुक वस्तू मिळाली नाही आणि ती अमुक पॅकेजने मागितली होती. त्या वस्तूच्या मार्गातला पहिला शब्द हाच सहसा लायब्ररीचा पत्ता असतो: ओपनसीनरीएक्स, मिस्टरएक्स_लायब्ररी, आर2_लायब्ररी वगैरे. एक लायब्ररी नसली की तक्रारीच्या शंभर ओळी येतात, पण दुखणं एकच असतं. शंभर ओळी बघून सीनरीच भंगार आहे असं ठरवू नका. विमानतळ घेतानाच रीडमीमधली लायब्ररींची यादी बघून, त्या आधी आणून ठेवलेल्या बऱ्या. लायब्ररी एकदाच आणायची असते, पुढे अनेक विमानतळ तिच्यावर चालतात.

ऑर्थो: कुठली टाइल, किती बारीक

ऑर्थो4एक्सपी हे मोफत साधन उपग्रहाचे फोटो उतरवून टाइल बनवतं. यातला खरा प्रश्न झूम लेव्हलचा. आपल्या अक्षांशावर 16 ला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सव्वादोन मीटर, 17 ला साधारण 1.1 मीटर. लेव्हल एकने वाढली की फोटो चौपट. विदर्भातली एक टाइल 16 ला दीड-दोन जीबी होते, 17 ला सहा-सात जीबी. डाउनलोड त्याहून कमी असतं, कारण फोटो जेपीजीत येतात आणि तुमच्या मशीनवर डीडीएसमध्ये बदलतात.

आता नागपूर ते अमरावती हे साधारण 75 नॉटिकल मैलांचं उड्डाण बघा. सरळ रेषेत गेलं तर +21+079, +21+078, +20+078 आणि +20+077 अशा चार टाइल लागतात. 16 ला सात-आठ जीबीत भागतं. 17 ला पंचवीसच्या आसपास. तीन-चार हजार फुटांवरून शेतांचे तुकडे, नाले, गावं ओळखायला 16 पुरतं. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे 16 लासुद्धा ते आठशे पिक्सेल व्यापतं आणि काठावरची झाडी वेगळी ओळखू येते. माझं मत स्पष्ट आहे: सगळी टाइल 17 ने बनवणं हा आपल्याकडे डेट्याचा आणि डिस्कचा नास आहे. पूर्ण टाइल 16 ठेवा आणि फक्त विमानतळाभोवतीचा छोटा भाग 17 किंवा 18 करा. ती सोय साधनातच आहे. मेळघाटासाठीही हेच. चिखलदऱ्याला 1,100 मीटरच्या आसपासचं पठार आणि खाली दऱ्या. तिथे मजा आणतात ते मेशचे चढउतार, फोटोची बारकाई नाही.

लाइन जाण्याची काळजी डाउनलोडच्या वेळी फारशी नको. उतरलेले जेपीजी ऑर्थोफोटोज नावाच्या फोल्डरमध्ये राहतात, पुन्हा सुरू केलं की राहिलेलेच येतात. धोका आहे तो डीडीएस लिहिताना लाइन गेली तर. त्यावर उपाय सोपा आहे: टेक्स्चर्सचा फोल्डर आकाराप्रमाणे लावून बघा. या फाइल्स जवळपास सगळ्या सारख्याच मापाच्या असतात, साधारण 10.7 एमबी. त्यांत एखादी 3-4 एमबीची दिसली तर ती तुटलेली. तेवढीच उडवा आणि शेवटची पायरी पुन्हा चालवा, बाकीच्यांना धक्का लागत नाही. नागपुरात रूम करून राहणारा कोणी भाऊ-पुतण्या असेल तर लॅपटॉप घेऊन जा, त्याच्या वाय-फायवर रात्रभर टाइल बनवा. मे महिन्यात 45 अंशांत हे काम भरदुपारी लावू नका, प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालतो.

ऑर्थो टाकल्यावर जमीन झकास आणि घरं-झाडं-रस्ते साफ गायब, असं झालं तर ओव्हरले राहिलाय. कारण आधीचाच नियम: एक्स-प्लेनचे मूळ रस्ते आणि जंगल मूळ जमिनीच्याच डीएसएफमध्ये असतात, आणि ती आता ऑर्थोच्या खाली गेली. ऑर्थो4एक्सपी ते वेगळे काढून वायऑर्थो4एक्सपी_ओव्हरलेजमध्ये ठेवतं, पण ती पायरी वेगळी चालवावी लागते. तयार झालेला फोल्डर यादीत ऑर्थोच्या वर आला की सगळं परत येतं. सिमहेवनही असेल तर तो या ओव्हरलेच्या वर.

सी ड्राइव्ह भरला असेल तर टाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि त्यांचा विंडोज शॉर्टकट कस्टम सीनरीत टाका. एक्स-प्लेन शॉर्टकट मानतं. आयएनआयमध्ये त्या ओळीत डिस्कच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता येतो. यात एक मेख आहे. बाहेरची डिस्क न जोडता एक्स-प्लेन उघडलं, तर न सापडलेल्या पॅकेजच्या ओळी यादीतून निघून जातात. पुढच्या वेळी डिस्क जोडली की त्या 'नव्या' म्हणून सगळ्यात वर येतात, म्हणजे सगळं ऑर्थो विमानतळांच्या डोक्यावर. आधी ठेवलेली आयएनआयची प्रत अशा वेळी परत जागेवर टाकायची, झालं.

उरलेली दुखणी

दोन टर्मिनल एकमेकांत: एकाच विमानतळाची दोन पॅकेज चालू आहेत, किंवा तुमचं पॅकेज ग्लोबल एअरपोर्ट्सच्या खाली आहे. 'व्हीएएनपी' किंवा 'नागपूर' असं आयएनआयमध्ये शोधा, दोन सापडली तर एक डिसेबल्ड करा. जागा बरोबर असूनही होत असेल तर बनवणाऱ्याने खालच्या वस्तू वगळण्याचं क्षेत्रच आखलेलं नाही. ते वर्ल्ड एडिटर या मोफत साधनात दुरुस्त होतं.

धावपट्टीवर झाडं किंवा घर: हेही बहुतेक वगळण्याच्या क्षेत्राचंच. पॅकेज आपल्या खालच्या यादीतल्याच वस्तू वगळू शकतं, म्हणून सिमहेवन विमानतळाच्या वर गेलाय का, ते आधी बघा.

धावपट्टी छोटी: क्रमाचा दोष नसेलही. बेलोऱ्याची धावपट्टी लांबवून 1,850 मीटर झाली आणि 2025 च्या एप्रिलपासून तिथून मुंबईचं विमान सुरू झालं. त्याआधी बनवलेल्या सीनरीत जुनीच धावपट्टी असणार. पॅकेज केव्हाचं आहे ते बघून घ्या.

विमानतळ उंचवट्यावर किंवा खड्ड्यात बसलाय: विमानतळ एका मेशवर बेतलेला आणि तुमची मेश दुसरी. काही विमानतळ आपली मेश वेगळ्या फोल्डरमध्ये देतात. ती ऑर्थोच्या वर पण ओव्हरलेच्या खाली ठेवायची. मात्र ती पूर्ण टाइलची असेल तर त्या टाइलवरचं तुमचं ऑर्थो दिसणार नाही. दोघांतलं एक निवडावं लागतं, यादी कितीही हलवली तरी.

सुरू व्हायला फार वेळ: चालू असलेलं प्रत्येक पॅकेज सुरुवातीला तपासलं जातं. मुंबई-दिल्ली-युरोपचे विमानतळ रोज लागत नाहीत. आयएनआयच्या वेगवेगळ्या प्रती करून ठेवा. एकीत फक्त विदर्भ चालू, बाकी सगळं डिसेबल्ड. दुसरीत सगळं चालू. उडायच्या आधी हवी ती प्रत कस्टम सीनरीत मूळ नावाने टाका. पॅकेज डिस्कवर असू द्या, फक्त ओळ बदलते. नवी सीनरी टाकली की ती सगळ्या प्रतींमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर ती त्या संचात पुन्हा वर जाऊन बसते.

एक्स-प्लेनचा अपडेटर कस्टम सीनरीतल्या तुमच्या फोल्डरांना हात लावत नाही, त्यामुळे अपडेटच्या वेळी काही हलवायची गरज नाही. मशीन बदलताना मात्र थोडं थांबा. कस्टम सीनरी आणि आयएनआय जशीच्या तशी नव्या मशीनवर नेली आणि जुनी डी डिस्क तिथे ई झाली, तर शॉर्टकटवाल्या सगळ्या ओळी खोट्या ठरतात. एक्स-प्लेन पहिल्यांदा उघडायच्या आधीच नवे शॉर्टकट बनवा, आयएनआयमध्ये फाइंड-रिप्लेस करून डिस्कचं अक्षर बदला, सेव्ह करा, आणि मगच सिम्युलेटर चालू करा.